कपाटात मेलेलं सोलर घड्याळ

जपानमधल्या इचिकावातल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या विक्रेत्याने मला फसवलं, आणि माझ्यामार्फत सांगलीत बसलेल्या माझ्या वडिलांना फसवलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. कारण ही हकिगत मी ज्याला ज्याला सांगितली, तो शेवटी हनुवटी खाजवत म्हणाला, "पण तसं बघितलं तर त्यात दुकानाची काय चूक?" तसं बघायचंच नाही. मी सांगते तसं बघा.

मी काही भोळीभाबडी बाई नव्हे. माझं लहानपण सांगलीच्या मार्केट यार्डात गेलं. वडील, म्हणजे अण्णा, तिथे तोलार होते. हळदीची पोती काट्यावर चढायची, अण्णा वजन पुकारायचे आणि ते वजन मग कोणी पुन्हा तपासायचं नाही. शाळा सुटली की मी तिथेच. व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचे. बोटं दिसायची नाहीत, म्हणून मी चेहरे बघायला शिकले. कोणाला माल हवाय, कोण नुसता आव आणतोय, हे मला दहाव्या वर्षी कळायचं. पुढे लग्न झालं. नवऱ्याला तोयोसुच्या एका आयटी कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि मी त्याच्याबरोबर जपानला आले. घरात बसून भिंती बघायचा कंटाळा आला तेव्हा जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात आरुबाइतो, म्हणजे तासावरची नोकरी धरली. मग इथे नोकरीला आलेल्या आपल्याकडच्या मुलांना डबे द्यायला सुरुवात केली. आज स्टेशनपासून चालत जाता येईल असं माझं स्वतःचं दुकान आहे. तूरडाळ, पोहे, भाजणी, मेतकूट, सगळं मिळतं. हे मला कोणी दिलेलं नाही.

जपानात घासाघीस करत नाहीत असं लोक म्हणतात. किंमत लिहिलेली असते, ती द्यायची, वर आभार मानायचे. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानांत थोडी चालते, हे मी आल्या आल्या हेरलं होतं. विक्रेत्याकडे बघून शांतपणे विचारायचं, "आणखी जमेल का?" तो मान तिरकी करतो, कॅल्क्युलेटर काढतो, आकडा दाबून तुम्हाला दाखवतो. तोंडाने बोलत नाही. रुमालाखालची बोटंच ती, फक्त रुमाल नाही. इथल्या आपल्या बायका फ्रीज घ्यायला, टीव्ही घ्यायला मला बरोबर नेतात. नवरे लांब उभे राहतात.

माझाही लांबच उभा होता, हेडफोनच्या रांगेत, आपला काही संबंध नसल्यासारखा. मला अण्णांसाठी घड्याळ घ्यायचं होतं. डब्यांच्या कमाईतली माझी ती पहिली मोठी खरेदी. विक्रेता तरुण, हसरा, केस चापूनचोपून बसवलेले. त्याने काळं, जाड, आकड्यांचं घड्याळ पुढे ठेवलं. तबकडीच्या कडेने सोलरची बारीक पट्टी.

"बॅटरी कधी बदलायची?" मी विचारलं.

"बदलावी लागत नाही. उजेडावर चार्ज होतं. ऊन, खिडकीतला उजेड, ट्यूबलाइट, काहीही चालतं."

"आणि टिकेल?"

त्याने घड्याळ उचललं आणि चक्क काउंटरवर आपटलं. आजूबाजूची दोन माणसं दचकली. घड्याळाचे सेकंद पळतच होते.

"झुत्तो," तो म्हणाला.

झुत्तो म्हणजे कायम. सतत, न थांबता. हा शब्द मी त्याच्या तोंडून, त्याच्या डोळ्यांत बघत ऐकला, आणि तो चेहरा खोटं बोलत नव्हता. हेच मला आजवर सतावतं.

मी म्हणाले, दोन घेते, एक वडिलांना, एक मला. कॅल्क्युलेटर निघाला. मी मान हलवली. पुन्हा आकडा आला. मी म्हणाले, आणखी काय? तो आत गेला आणि एक पेटी घेऊन आला. काळी, जाड पुठ्ठ्याची, आत मखमल, झाकण लोहचुंबकाने टक्कन बसणारं. "ही सर्व्हिस," तो वाकून म्हणाला. सर्व्हिस म्हणजे इथे फुकट. मी घेतली. बाहेर पडताना नवऱ्याला म्हणाले, "बघा, पेटीसुद्धा काढली त्याच्याकडून." तो म्हणाला, "चल लवकर, अजून काही मागशील."

सांगलीला गेले तेव्हा अण्णांनी ते घड्याळ आधी गच्चीवर नेऊन उन्हात धरलं.

"उन्हावर चालतंय म्हणतेस. मग रात्री?"

"दिवसा साठवतं ना अण्णा."

"म्हणजे दिवसा टाकी भरायची आणि रात्री नळ सोडायचा." त्यांना पटलं. संध्याकाळी बागेत म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर घालून गेले, सगळ्यांना हातात दिलं. "पोरीने आणलंय. हे थांबत नाही. आपण थांबू, हे थांबत नाही."

मग एका लग्नात घातलं. एका वास्तुशांतीला घातलं. आणि मग ते पेटीत गेलं, पेटी नॅपकिनमध्ये, नॅपकिन गोदरेजच्या कपाटात, आतल्या लॉकरमध्ये, आईच्या पैठणीशेजारी, डांबराच्या गोळ्यांसकट. रोजच्याला त्यांचं चावीचं जुनं घड्याळ होतंच. आपल्याकडे असंच असतं, यात मला काही नवल वाटलं नाही. पाहुण्यांचे कप शोकेसमध्ये, टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर चादर आणि त्या चादरीवर जुनी चादर. वस्तू चांगली आहे, याचा अर्थ ती वापरायची नाही. फोनवर मी विचारायचे, "घड्याळ कसंय?" अण्णा म्हणायचे, "ठणठणीत. कपाटात आहे." मला बरं वाटायचं. जपतात म्हणून.

इकडे माझं घड्याळ बघा. त्याच दिवशी, त्याच काउंटरवरून घेतलेलं, त्याचंच जुळं भावंड. ते मी एक दिवस जपलं नाही. तळणीचं तेल त्यावर उडालं. डीप फ्रीजमध्ये हात घालताना ते हातातच. वादळाच्या दिवशी सायकलवरून पडले तेव्हा माझं कोपर सोलवटलं आणि त्याच्या काचेवर एक तिरका ओरखडा आला. हळदीची पोती फोडून पाकिटं भरताना पट्टा इतका पिवळा झाला की मूळ काळा होता हे सांगावं लागे. एक बटण घट्ट झालं. पण घड्याळ? एका सेकंदाने मागेपुढे नाही.

यंदा अण्णांची पंचाहत्तरी ठरली. छोटा हॉल, भाऊबंद, कट्ट्यावरचे मित्र, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळणं. आणि वहिनीचा फोन आला.

"ताई, एक सांगते, पण अण्णांना म्हणू नका मी सांगितलं म्हणून."

"काय झालं?"

"अण्णांचं घड्याळ गेलं. पंचाहत्तरीला घालायचं म्हणून काढलं, तर काच कोरी. काहीच दिसेना. गच्चीत कुरडयांच्या शेजारी ठेवतायत रोज उन्हात. जरा वेळ काहीतरी चमकतं नि पुन्हा जातं. काल हातात घालायला गेले तर पट्टा बिस्किटासारखा मोडला."

"मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, तिला नका सांगू, तिला वाईट वाटेल. कट्ट्यावर मात्र सगळ्यांना सांगून बसलेत, आमच्या पोरीला जपान्यांनी बनवलं. बिचारी, परक्या मुलखात एकटी."

बिचारी! मला! ज्या कट्ट्यावरचे निम्मे म्हातारे मार्केट यार्डातले, ज्यांनी मला फ्रॉकमध्ये व्यापाऱ्यांशी हुज्जत घालताना बघितलंय, त्यांच्यात मी बिचारी ठरले. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी ठरवलं, त्या दिवशी अण्णांच्या मनगटावर तेच घड्याळ असेल, आणि चालू असेल. पुण्याहून एक जोडपं इकडे येत होतं, त्यांच्या बॅगेत भाजणीच्या पिशवीत खोचून ते घड्याळ मागवून घेतलं. पेटीसकट.

पेटी उघडली तेव्हा मला रडू यायच्या बेतात होतं आणि त्याचाही राग आला. काचेवर एक चरा नाही. बटणं नव्यासारखी मऊ. मागचं पोलाद आरशासारखं. आणि आत सगळा अंधार.

दुकान तेच होतं, तो हसरा विक्रेता मात्र कुठे दिसेना. दुरुस्तीच्या काउंटरवर पांढरे हातमोजे घातलेला एक मुलगा होता. त्याने घड्याळ ट्रेमध्ये ठेवलं, जणू पक्ष्याचं पिल्लूच.

"हे कुठे ठेवलं होतं?"

"कपाटात. पेटीत."

"किती दिवस?"

"दिवस नाही. वर्षं."

त्याने दातांतून हवा आत ओढली. जपानी माणसाने असा आवाज काढला की समजावं, काम होणार नाही, फक्त ते सांगायला वेळ लागेल. तो हळूहळू सांगू लागला. अंधारात बॅटरी थोडी थोडी रिकामी होते. पूर्ण रिकामी होऊन तशीच पडून राहिली की पुन्हा चार्ज धरत नाही. वापरत नसाल तेव्हाही घड्याळ उजेडात ठेवा, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

"माहितीपत्रक जपानीत होतं. माझे वडील सांगलीला जपानी वाचत बसतील?"

"मोउशिवाके गोझाइमासेन." अत्यंत क्षमस्व. आणि वाकला.

"बॅटरी बदला."

त्याने फोन लावला, बराच वेळ बोलला, परत आला. हे मॉडेल बंद झालं. मॉडेल बंद झाल्यावर कंपनी ठरावीक मुदतीपर्यंतच सुटे भाग ठेवते. ती मुदत संपली. पट्ट्याचीही संपली.

मी बाही वर केली आणि माझं मनगट काउंटरवर ठेवलं. "आणि हे? हे त्याच दिवशी घेतलंय. हे कसं चालतं?"

त्या मुलाचा चेहरा उजळला. "सुगोई!" तो म्हणाला. कमाल आहे! त्याने शेजारच्या मुलीलाही बोलावून दाखवलं. "किती छान वापरलंय तुम्ही! कंपनीलासुद्धा आनंद होईल." मी भांडायला आले होते आणि माझं कौतुक चाललं होतं.

मग मी पेटी काढली. आदळलीच म्हणा. "ही पेटी तुमच्या दुकानाने दिली. उजेडावर जगणारी वस्तू विकायची आणि तिला काळी, घट्ट झाकणाची पेटी द्यायची? मासा विकून वर पिंजरा दिल्यासारखं आहे हे. पेटी दिलीत तेव्हा माणूस ती वापरणार नाही तर काय करणार?"

मॅनेजर आला. तोही वाकला. माझा आवाज चढला तसा तो आणखी खाली गेला. भांडायला समोर माणूस ताठ उभा लागतो. वाकलेल्या माणसाच्या टकलाशी काय भांडणार? त्याने नव्या घड्याळावर चांगली सूट देऊ केली. आयुष्यात मी सूट नाकारलेली नाही. त्या दिवशी नाकारली. ज्याने फसवलं त्याच्याकडूनच पुन्हा विकत घ्यायचं, आणि वर आभार मानायचे? आणि नवीन मॉडेल दिसायला वेगळं. अण्णांनी ज्याची शेखी मिरवली ते हे नव्हतं.

स्टेशनजवळ घड्याळांच्या बॅटऱ्या बदलणारं एक छोटं दुकान आहे, तिथे गेले. त्यांनी घड्याळ उलटंसुद्धा केलं नाही. "सोलर? ते आम्ही उघडत नाही. कंपनीकडे न्या." कंपनी म्हणते मुदत संपली, दुकान म्हणतं कंपनीकडे न्या. सगळे नम्र, सगळे वाकणारे, आणि माझ्या हातात एक चकचकीत प्रेत.

घरी नवऱ्याने चहा घेता घेता सगळं ऐकलं आणि म्हणाला, "टेक्निकली बघितलं तर ही यूझर एरर आहे."

"तुम्ही माझे नवरे आहात की त्या दुकानाचे वकील?"

"अगं, मी फक्त सांगतोय. सोलर वॉच अंधारात ठेवलं तर..."

"तुमच्या आईने फूड प्रोसेसर कुठे ठेवलाय? माळ्यावर, खोक्यात, थर्माकोलसकट! तो मेला का? वस्तू जपल्याने मरते हे कोणत्या शाळेत शिकवतात?"

तो कप धुता धुता म्हणाला, "दोन्ही सेम मॉडेल आहेत ना? तुझंच दे अण्णांना."

मला हे सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं आणि मी ते लांब ढकललं होतं. ओरखडलेलं, माझ्या घामाचं, हळदीने पिवळं झालेलं घड्याळ पंचाहत्तरीच्या माणसाला द्यायचं? पण दिवस जवळ आले. मी ते सिंकपाशी घेऊन बसले. टूथब्रश, साबण, लिंबू, सगळं करून बघितलं. पट्ट्याच्या घड्यांतली हळद फिकी झाली, गेली नाही. काचेचा ओरखडा तर कशानेच जाणार नव्हता. तेवढा वेळ ते घड्याळ माझ्या हातात टिकटिकही न करता बिनतक्रार चालत होतं आणि मला त्याचाही संताप येत होता. जे जपलं ते गेलं. जे रगडलं ते जगलं. हा कुठला न्याय?

पंचाहत्तरीच्या सकाळी सांगलीत अण्णा नवा सदरा घालून खुर्चीत बसले होते. मी फक्त "हे घ्या अण्णा, घड्याळ" एवढंच म्हणाले आणि त्यांच्या मनगटावर बांधलं. बदलून आणलं असं मी म्हणाले नाही. दुरुस्त केलं असंही म्हणाले नाही. ते काय समजायचं ते समजतील, असा माझा विचार.

अण्णांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. ओरखड्यावरून नख फिरवलं. पट्ट्याच्या घडीत अंगठा घासून त्यांनी तो नाकाशी नेला. हळदीत हयात घालवलेला माणूस तो. मग त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, डाव्या हाताकडे पाहिलं. डाव्या मनगटावर घड्याळाएवढा गोरा पट्टा होता. त्यांना सगळं कळलं.

तेवढ्यात कट्टा आला. चार म्हातारे, काठ्या टेकत, हसत.

"काय हो, घड्याळ चालू झालं की!"

"चालू झालं नाही, बदलून दिलं," अण्णा म्हणाले. मोठ्याने. काट्यावरून वजन पुकारायचे तसे. "माझ्या पोरीने दुकान डोक्यावर घेतलं. मालक हात जोडून उभा. म्हणाला, बाई, चुकलं आमचं, हे घ्या."

"तरी मी म्हणत होतो, ही फसणारी नव्हे!"

"पण बदलून दिलं म्हणता, तर हे जुनं का दिसतंय?" एकाने डोळे बारीक केले.

"नवीन मॉडेल असंच असतंय. फॅशन आहे ती. तुझा नातू फाटकी पँट घालतोय, त्याला विचार."

सगळे हसले. "काही म्हणा, जपानी माणूस शब्दाचा पक्का," कोणीतरी म्हणालं. माना डोलल्या. "होय तर. आपल्याकडे दिलं असतं का बदलून?" आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच गावात, माझ्याच वडिलांच्या तोंडून त्या दुकानाची वाहवा सुरू झाली. मी ओवाळणीचं ताट धरून उभी. दिव्यांची धग तोंडावर. जिभेवर सगळं तयार होतं: मुदत, पेटी, टक्कल, सगळं. पण एक शब्द काढला असता तर पंचाहत्तर दिव्यांसमोर अण्णा खोटे पडले असते. मी ओवाळलं. अक्षता टाकल्या. ते हळूच म्हणाले, "छान चालतंय," आणि मनगट सदऱ्याच्या बाहीत सरकवलं, ओरखडा झाकेल इतपत.

मी सांगलीत गप्प बसले. इथे बसणार नाही.

त्या दुकानाने मला काही परत देऊ नये. घड्याळ नको, सूट नको, पट्टा नको, क्षमस्व तर मुळीच नको. मला तो हसरा विक्रेता समोर हवा. तो बढती होऊन दुसऱ्या शाखेत गेला असेल तर तिथून बोलवा. आणि ज्यांनी सुट्या भागांची मुदत ठरवली त्यांनाही बोलवा. सगळ्यांनी ताठ उभं राहायचं, कंबरेत वाकायचं नाही. "झुत्तो" म्हणताना तुम्ही कोणाचं आयुष्य मोजत होतात, घड्याळाचं, बॅटरीचं, की तुमच्या मॉडेलचं? वडिलांसाठी घेतेय म्हटल्यावर, ते हे कुठे ठेवतील, एवढं विचारायला तुमचं काय गेलं असतं? आणि ज्या माणसाच्या तोंडून आयुष्यभर खोटं वजन निघालं नाही, त्याला माझी लाज झाकायला त्याच्या पंचाहत्तरीला खोटं बोलावं लागलं, ते कोणाच्या खात्यावर मांडायचं? बोला. मी तुमच्या दुकानात उभी आहे, आणि आज मला घाई नाही.